कीबोर्डवरचा नारळ

बदलापूर, खंडेनवमी, १९९७

अजून डोकं तापलेलंच आहे. उल्हासनगरच्या आमच्या ऑफिसात डॉसवर चालणारं एकच जुनं मशीन उरलंय. आमच्या बिलांच्या प्रोग्रॅमची तपासणी त्यावर रोज दुपारी आपोआप सुरू होते. बाकी सगळ्या गिऱ्हाइकांना विंडोज पाहिजे, पण अंबरनाथचे कारखानदार डॉस सोडायला तयार नाहीत. मग तपासायचं कुठे, माझ्या कपाळावर?

आज ऑफिसातली पूजा झाली, मी जेवून आले, तर पडद्यावर सगळं नापास! शेठ लगेच म्हणाले, "मॅडम, हा डबा भंगारवाल्याला देऊन टाका. तुमची ती टेस्टिंग पण बंद करा. झंझट नको."

जवळ जाऊन बघते, तर पूजेचा नारळ कीबोर्डवर. एंटरचं बटण त्याच्याखाली दाबलेलं, म्हणजे प्रोग्रॅमच्या प्रत्येक प्रश्नाला रिकामंच उत्तर गेलेलं. ठेवला कोणी? शेठनीच!

नारळ उचलला, तपासणी पुन्हा लावली. सगळं पास. मी म्हटलं, "शेठ, तो नारळ..." तर ते हात जोडून उभे. "हां मॅडम, नारळाचाच गुण! आता या मशीनला कोणी हात लावायचा नाही."

गल्लोगल्ली जुने पार्ट शोधून हे मशीन जिवंत ठेवलं मी. आज ते वाचलं, आणि नाव कुणाचं झालं? नारळाचं!