हात वर केला तो बोलायला

५ नोव्हेंबर २०२३, लातूर
डायरी आणून नऊ दिवस झाले, आज पहिलं पान. विषय मोठा असला की घाई करू नये.
माझ्या सख्ख्या बहिणीनं, सिंधुताईनं, साक्षी मॅडमशी लग्न केलं. दोघी इथंच एका क्लासला बायोलॉजी शिकवतात. त्यावर गावात ग्रामसभा भरली. आमच्या घराशी व्यवहार बंद करायचा का, हात वर करा. मी हात वर केला तो बोलायला. त्यांनी मोजला. सरपंच म्हणाला, ‘घरचाच हात वर हाय, तुमी कुणाची वाट बघायलाव?’ मग सगळ्यांचे वर. मी खाली घेणारच होतो, तेवढ्यात टाळ्या झाल्या.

७ नोव्हेंबर
आईचा फोन. डेअरीत दूध घेईनात, गिरणीत ज्वारी दळेनात. म्हणाली, ‘भूकंपात या समद्यांला मीच भाकरी थापून घातली.’ मी म्हणालो, बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, मी तक्रार देतो. तिनं विचारलं, ‘कुणी कुणी हात वर केला, ते सांगावं लागंल का रं?’ रेंज गेली. म्हणजे फोन मीच ठेवला, पण रेंज कमीच होती.

९ नोव्हेंबर, औसा
पोलीस स्टेशनच्या दारापर्यंत गेलो. पलीकडं देवणी बैलांचं प्रदर्शन. तीन तास गेले. आता साहेब जेवायला गेले असतील.

१३ नोव्हेंबर, लातूर
दिवाळीला गावी गेलो नाही. निषेध म्हणून उपोषण, सकाळी दहापासून. सव्वाबाराला रूममेट बिलालनं घरचा डबा उघडला. म्हणाला, ‘मियाँ, किसके खिलाफ बैठे तुम, वो तो बोलो.’ असल्या वातावरणात उपोषण होत नसतं. जेवलो.

१६ नोव्हेंबर
सिंधुताई रस्त्यात भेटली. दोघी आईला आणायला गेल्या होत्या, ती येईना. म्हणते, घर सोडलं तर ते जिंकले. मग ताईनं विचारलं, ‘तू होतास ना सभेला? आपल्या बाजूनं कुणी बोललं का रे?’ मी म्हणालो, मी बोलायला हात वर केला होता. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. फार बरं वाटलं.

१९ नोव्हेंबर, दुपारी
औशाहून जमादारांचा फोन. तक्रार दाखल झालीय, रूमवरच थांबा. साक्षीदार लागणारच. दाढी केली, जबाब पाठ केला. ताईलाही बोलावून घेतलं, भावाचा जबाब ऐकू दे. ती येऊन खुर्चीत बसलीय.

सव्वाचार
जीप थांबली. जमादारांच्या आधी आईच उतरली. ‘वरची खोली, साहेब. पहिला हात ह्याचाच,’ असं सांगत जिना चढायलीय.