दंडाचं माप

४ जून

ती. ताईस धाकटीचा वाकून नमस्कार.

आधी खाली बस, मग वाच. मला चौथा महिना लागलाय. डॉक्टरीणबाईंचा चेहराच पडला. सिस्टिक फायब्रोसिसनं फुप्फुसं आधीच कफानं भरलेली, त्यात बाळ खालून रेटणार. वजन वाढलं नाही तर दोघांचंही खरं नाही, म्हणाल्या. माझ्या मास्तर नवऱ्याचीही तपासणी झाली. त्यांच्यात दोष नाही, म्हणजे बाळाला हा आजार होणार नाही. कफ सुटावा म्हणून पाठ तेच थोपटतात, पण गादी झोडल्यासारखी. तुझ्या हाताची सर नाही.

रागावलीस तरी पत्र टाक.

तुझी खारू

१२ जून

चि. खारूस पुष्कळ आशीर्वाद.

रागावले. दोन दिवस शिवणाच्या मशीनला हात लावला नाही. तान्ही होतीस तेव्हा तुझी पापी घेतली की जिभेला या आजाराचं मीठ लागायचं, तेव्हापासून तुला सांभाळतेय, आणि मला चौथ्या महिन्यात कळवतेस? तुझं "बरी आहे" मी जन्मभर ऐकलंय. त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. दर महिन्याला छाती, पोट आणि दंडाचं माप पाठव. पोट बाळानंही वाढतं, दंड मात्र खाल्ल्याशिवाय भरत नाही. दंड घटला की दुकान बंद करून आलेच म्हणून समज. मग तुझं काही ऐकायची नाही, डॉक्टरीणबाई म्हणतील तसं करायला लावीन.

जिवाला जप, एवढंच मागणं.

ताई

१० सप्टेंबर

ती. ताईस सा. नमस्कार.

छाती चौतीस, पोट सदतीस, दंड साडेदहा. पैलवान झालेय अगदी. खोकला आहे, पण तो काय जन्माचा सोबती. तू कबूल केलेला गाऊन ऐसपैस शिव. धावत येऊ नकोस, तुझ्या गिऱ्हाइकांचे शाप मला नकोत.

आहेस तशीच माझी राहा.

खारू

९ ऑक्टोबर

ती. ताईंना नमस्कार.

हे पत्र शेजारीणबाईंचे यजमान हातोहात आणून देतील. बातमी वाईट आहे. आज पहाटे ती गेली. छातीत जंतू वाढले, वजन एकोणचाळीसवर आलं, चार दिवसांमागं, एकतिसाव्या आठवड्यातच, ऑपरेशन करून बाळ काढावं लागलं. मुलगी आहे, सव्वा किलोची. काचेच्या पेटीत ठेवलीय, पण श्वास स्वतःचा घेते.

तुमचा गाऊन तिच्या खांद्यावरून घसरायचा. विचारलं तेव्हा कबूल केलं तिनं. पहिल्यापासूनची सगळी मापं शेजारीणबाईंची होती, त्यांनाही तेच दिवस. हिचा दंड साडेसात होता. तुम्ही आलात तर मूल राहू देणार नाही, ही तिला धास्ती. कळल्यावर मीही गप्प बसलो.

परवा तिनं मला मुलीच्या कपाळाची पापी घ्यायला लावली आणि विचारलं, "खारट लागते?" मी नाही म्हणालो. मग ती निवांत झोपली.

तुमचा अपराधी,
मास्तर

६ नोव्हेंबर

चि. मास्तरांस आशीर्वाद.

तुमच्याकडून परतले तशी दुकानातच बसून आहे. मापावरून माणूस ओळखते ही माझी मिजास. तिचा दंड उभ्या जन्मात नऊच्या वर गेला नव्हता, हे मला ठाऊक होतं. तरी साडेदहा वाचलं आणि हरखून गिऱ्हाइकांना सांगत सुटले. मला ते खरं हवं होतं. तेव्हा एकट्यानं अपराध माथी घेऊ नका.

गाऊन उसवलाय. त्यातून झबली बेततेय. मुलीच्या दंडाचं माप पाठवा. बोटाएवढा असला तरी चालेल, पण तिचाच पाठवा.

ताई