काठाला गेलेली चीर

बाबा,

मंगळवार, ९ डिसेंबर. अमरावती. सकाळी दोन प्रॅक्टिकल घेतली, डबा खाल्ला, मुलं गेल्यावर कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकटीच थांबले. तुमच्या त्या फुटलेल्या कढईच्या काठाचा तुकडा कापला, घासून आरशासारखा केला, सौम्य आम्ल लावून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. इतकी वर्षं तो माझ्या कपाटात होता.

अकोल्याच्या दुकानात तुम्ही मऊ पत्रा थंडच ठोकायचात. ठोकून कडक झाला की भट्टीत लाल करायचा, राखेत दाबून हळू निवू द्यायचा, पुन्हा ठोकायचा. हे मी आता फळ्यावर शिकवते. ठोकल्यानं पोलादातले कण चपटे, लांबट होतात. पुरेशी उष्णता मिळाली की त्यांच्या जागी नवे, गोलसर कण तयार होतात आणि पत्रा परत वाकू लागतो. तुम्ही एवढंच म्हणायचात, "त्याले आराम द्या लागते, मंग ते आयकते."

त्या दुपारी मिठाईवाल्याची कढई भट्टीत होती आणि तुम्ही जेवायला निघालात. "पोरी, ध्यान ठेव. लाल झाल्याबिगर काढू नोको." संध्याकाळी राख झटकून तुम्ही ठोकायला बसता. पाचव्या घावाला काठ चिरतो. मिठाईवाला समोरच बसलेला.

"काय मिस्त्री, म्हातारे झाले काय?"

तुम्ही माझ्याकडे पाहता. "लाल झालती नं?"

"हो," मी म्हणते.

"मंग माहाच हात गेला, भाऊ," तुम्ही हसून म्हणालात. त्यानंतर तुम्ही कढई घडवलीच नाही. तयार तवे, झारे आणून विकलेत. आईनं विचारलं की म्हणायचात, "घावाचा अंदाज राह्यला नाही आता."

आज भिंगाखाली सगळे कण लांबट, एकाच दिशेला दबलेले दिसले. नवा एकही नाही. पत्र्याला ताव मिळालाच नव्हता. तुमचा घाव बरोबर होता. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. नोंदवहीत निरीक्षण लिहिलं आणि कुलूप लावून ऑटोनं घरी आले.

खरं तर मला भिंग लागत नव्हतं. त्या दुपारी मैत्रीण सायकल घेऊन बाहेर उभी होती, म्हणून कढई काळी असतानाच मी ती राखेत दाबली होती.

तुम्ही घडवलेल्या छोट्या कढईत आज वांगी केली. जेवले. कढई घासली, गॅसवर कोरडी केली, तेलाचा हात फिरवून पालथी ठेवली.