बदकाच्या पुस्तकावरचा पिवळा स्टिकर

प्रिय डेल्मी,

हळू वाच. एखादा शब्द अडला तर सोडून पुढे जा, मीही तसंच करते. मी मारिसेला. तीच, गेल्या आठवड्यात कॅमेरा घेऊन तुमच्या शाळेत आलेली, खूप बोलणारी.

माझं काम काय ते आधी सांगते. मुलांची नवी पुस्तकं निघतात, त्यातली चांगली निवडून मी लिस्ट करते आणि डोंगरातल्या शाळा त्यावरून पुस्तकांची पेटी मागवतात. पुस्तकांवर वयाचे रंगीत स्टिकर लावायची आयडिया माझीच. पिवळा म्हणजे पाच-सहा वर्षं, निळा म्हणजे बारा-तेरा. ऑफिसात सगळ्यांनी कौतुक केलं आणि मी जाम फुगले. तुमच्याकडे पहिली ते सहावी एकाच खोलीत बसते. कॉफी तोडायला गेलेली मुलं कधी वर्षभराने परत येतात आणि पुन्हा अक्षरांपासून सुरू करतात. तिथे हे रंग काय करतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तू खिडकीपाशी बसली होतीस. बसच्या टपावर घरटं बांधणाऱ्या बदकाचं पुस्तक, ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचत होतीस. मी आले आणि म्हणाले, "अगं, हे तर पिल्लांचं. एवढी मोठी मुलगी तू." आणि ते तुझ्या हातातून काढून घेतलं. निळ्या स्टिकरचं जाडजूड पुस्तक दिलं. वर म्हटलं, वाच ना मोठ्याने, फोटो काढू. तू ते उघडलंच नाहीस. मागून तो ओस्मान म्हणाला, "बदकूबाई, दुधाची बाटली आणू का?" सगळा वर्ग हसला. डेल्मी, मीसुद्धा हसले. वातावरण हलकं होईल असं वाटलं मला. तू दप्तरही न घेता निघून गेलीस.

परवा तुमच्या नोएमी बाईंचा फोन आला, की तू त्या दिवसापासून शाळेत आलीच नाहीस. म्हणून मी तुझ्या घरी गेले. तुझी आई मक्याच्या भाकऱ्या थापत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मळ्यात गेलीय ती. कॉफी तोडायला कोणी वय विचारत नाही." मी स्टिकरचं समजावून सांगायला लागले, शहाण्यासारखी. ती म्हणाली, "पुस्तकवाल्या बाई, माझ्या पोरीला बदकं आवडतात. मला नातवंडं व्हायची वेळ आली, मलापण आवडतात. मला कुठला रंग चिकटवणार?" मग तिने मला बसवून भाकरी आणि राजमा वाढला. ते खाताना मला जास्तच लाज वाटली.

आणि अजून एक, जे मी ऑफिसात कोणाला सांगितलं नाहीये. ते पुस्तक मी वाचलंच नव्हतं. कव्हर बघितलं, पहिली तीन-चार पानं चाळली, 'गोड आहे, लहानांसाठी' असं लिहून टाकलं आणि पिवळा चिकटवला. लिस्ट लवकर द्यायची होती, बस. त्या दिवसापासून ते माझ्याच पिशवीत राहिलं होतं; तुमच्या घरून परत येताना गाडीत पहिल्यांदा नीट उघडलं. बस सुरू होते, अंडी टपावर असतात आणि बदक रस्त्यावर राहतं, त्या पानापर्यंत पोचले. तिथे तुझ्या बोटाचा डाग आहे. मी नेमकं तिथेच तुझ्या हातातून पुस्तक ओढलं होतं. म्हणजे त्या बदकाचं पुढे काय झालं ते तुला अजून माहीत नाही.

म्हणून हे पत्र. सोबत ते पुस्तक पाठवतेय. स्टिकर खरवडलाय, थोडा गोंद राहिलाय. तुमच्या पेटीतले सगळे काढले. बाकीच्या शाळांसाठी ऑफिसात अजून भांडण चालू आहे, साहेब म्हणतात वय नसलं तर शिक्षक गोंधळतात. पण लिस्ट पुन्हा छापायची आहे, आणि या पुस्तकासमोर 'कोणासाठी' हा रकाना मी रिकामा ठेवलाय. तो मला भरता येत नाही. तू शेवटपर्यंत वाच आणि काय लिहायचं ते सांग. बुधवारी मी शाळेत येतेय, कॅमेरा आणणार नाही. वर्गासमोर तुझी माफी मागायची आहे, आणि ओस्मानच्या आधी मी मागणार आहे, कारण सुरुवात मी केली. तू आली नाहीस तर मळ्यात येईन, तोडणीला हात लावीन, तू पुस्तकाबद्दल सांगशील तेव्हा ऐकीन. किती हळू वाचलंस तरी चालेल. पुस्तक तुझ्याच हातात राहील.

तुझीच, तुझ्यापुढे मान खाली घालून,
मारिसेला