ओढून घेतलेलं दार

नाशिक, ता. ९ ऑगस्ट २००३

चि. महेश यास,

गेणूकाकाचा आशीर्वाद. गोदेला पाणी चढलंय, पण आपल्या गल्लीपर्यंत आलेलं नाही. माझी नात पूजा बारावी पास झाली. परदेशच्या पाकिटाला तिकीट किती लागतं ते पोस्टात दोनदा विचारलं, तरी धास्ती आहेच. पत्र पोचलं की लगेच कळव.

तुझं पत्र पूजाने मोठ्याने वाचलं. तिकडे आफ्रिकेत सोन्याच्या छोट्या खाणींसाठी सरकार नियम करतंय आणि त्या समितीत तू आहेस, हे ऐकून तुझ्या आईने देवापुढे साखर ठेवली. मग तिकडच्या बाया घरातच पारा जाळतात, असं आलं. तेव्हा ती म्हणाली, "आन् बाप्ये? ते ओट्यावर बिडी ओढत बसत असतील. काय भावजी?"

पूजा हसली. मी चष्मा पुसत बसलो.

तू विचारलंस, "आपल्या घरी वीस वर्षं पारा जाळला, कोणाला काही झालं नाही. सरसकट बंदी नको, असं मी बैठकीत सांगू ना?" चार दिवस उत्तर लिहितो आणि फाडतो.

नको सांगू.

तू शाळेत असायचास, म्हणून तू फक्त माझं गाळ धुणं पाहिलंस. सराफ बाजारातला केर आणि गटारीतला गाळ मी आणायचो, धुवायचो, त्यात पारा चोळायचो. पारा सोन्याचे कण धरून ठेवतो. तो गोळा फडक्यात पिळून पळीत ठेवला की माझं काम संपलं. पळी शेगडीवर धरायची वहिनी, तुझी आई. पारा उडून जायचा, सोनं उरायचं. मला धंदा शिकवणाऱ्या मल्हारीबुवांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पारा उडताना जवळ थांबू नको, गेणू." मी थांबलो नाही. तिला मात्र म्हणालो, शेगडीचं काम बायकांचं. दादा गेल्यावर तुम्हा मायलेकांना मी सांभाळलं, असं लोक म्हणतात. मी म्हणू दिलं.

तिचे हात तीन वर्षं थरथरतात. चहाचा कप धरवत नाही. "पोराला कळवू नका," असं ती म्हणाली, ते माझ्या सोयीचंच होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, घरात कधी रसायनाचं काम व्हायचं का? ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "नाही. वय झालंय तिचं." त्यांनी वाताच्या गोळ्या दिल्या.

पत्राखाली तिची 'लंकाबाई' अशी सही येते ना, ती तीन वर्षं मीच करतोय.

आज सकाळी इथवर लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. वाटलं, ओरडेल. ती एवढंच म्हणाली, "मला माहीत व्हतं. बाहेर जाताना तुम्ही दार ओढून घ्यायचे."

हे मी लिहिलं नव्हतं. तेही खरं आहे. धूर ओट्यावर यायचा, म्हणून.

सोमवारी तिला घेऊन दवाखान्यात जातो आणि खरं ते सांगतो. बैठकीत तू आपल्या घराचं खुशाल सांग, पण हे सगळं सांग. माझं नावही घे. घरात पारा जाळायला बंदीच घालायला लाव.

यापुढे मला काका म्हणायचं की नाही, ते तू ठरव. खालची सही तिची आहे. मी हात धरला नाही. शेवटचं अक्षर राहिलं, राहू द्या म्हणाली.

गेणू

लं का बा