माझा हात वर गेला नाही

शुक्रवार, १४ नोव्हेंबर, हायडेलबर्ग

आज आमच्या रग्बी क्लबची वार्षिक सभा होती. सीझनभर हरतोय, तरी अध्यक्ष तासभर जुन्या विजेतेपदांचे फोटो दाखवत बसले. शेवटी म्हातारा डीटर उठला. मी या शहरात नवा असताना मला मैदानावर पहिल्यांदा नेणारा तोच.

"इतिहास पुरे! कोच का टिकत नाहीत, ते सांगा."

अध्यक्षांनी पुढचा फोटो लावला. मग डीटरने कमिटीवर अविश्वासाचा ठराव मांडला. दोघांनी हात वर करायचा, असं आमचं ठरलं होतं. वर गेला फक्त त्याचा. माझा का नाही गेला? सगळे बघत होते म्हणून? एवढंच?

बाहेर तो शांतपणे म्हणाला, "उद्याच्या मॅचला तू जा. मी आता येणार नाही."

चाळीस वर्षांत एकही मॅच न चुकवलेला माणूस. त्याला थांब म्हणायलाही माझं तोंड उघडलं नाही.