उजवी नाकपुडी

सोलापूर, ११ फेब्रुवारी १९७४

ती. सोजरआजीस,
हेमलताचा शि. सा. नमस्कार. वि. वि. इकडे सर्व ठीक. दिवाळीला आणलेला कुंकवाचा पुडा पुरत असेलच.

लढाईवर गेलेल्या आणि न परतलेल्या कुंडलिकआजोबांसाठी बाबांनी, स्वतः वारण्यापूर्वी, माजी सैनिकांच्या कचेरीत अर्ज केला होता. त्याचं उत्तर आता आलं. पहिल्या महायुद्धातल्या एका शिपायाच्या नोंदीची नक्कल आहे. नाव कुंडलिक, वडिलांचं भिवा. एवढं जुळतं. गाव मात्र बार्शी आणि वय बावीस. आजोबा घर सोडताना सतराचे होते, असं तुम्हीच सांगता. ओळखीची खूण म्हणून उजवी नाकपुडी टोचलेली, असं लिहिलंय. आपल्याकडे पुरुषांचं नाक टोचत नाहीत. तेव्हा हा माणूस दुसराच असावा, असं माझं मत.

तरी विचारते. त्यांच्या अंगावर कोणती खूण होती का? असल्यास डावीकडे की उजवीकडे, तेही त्यांच्या स्वतःच्या, समोरून पाहणाऱ्याच्या नव्हे. एक्स-रे काढताना आम्ही याचीच आधी खात्री करतो. कागदात पुढेही मजकूर आहे, पण माणूस आपला ठरल्याशिवाय तो सांगण्यात अर्थ नाही.

काकूंना नमस्कार. माया आहेच, ती राहू द्यावी.
आपली,
हेमलता

मोडनिंब, १६ फेब्रुवारी १९७४

चि. हेमीस,
सोजरआजीचे लई आशीर्वाद. लिवणारी तुजी चुलतकाकू हाय. मी बोलते तसंच लिव, म्हणून बजावलंय.

अगं येडे, लोकांच्या हाडांचं फोटू काडतीस आन् आपल्या घरातलं तुला म्हाईत न्हाय व्हय? सासूबाईंची तीन पोरं पाठोपाठ गेली. मग ह्ये झालं तवा सुपात घालून केरावर ठिवलं आन् नाक टोचलं. पोरगी समजून काळानं सोडावं म्हणून. लग्नात नथ त्येंच्याबी नाकात अन् माज्याबी. बाया इचारायच्या, ह्यातला नवरा कंचा? लई चिडायचं. नाक त्येंचं सोताचंच उजवं, जेवायच्या हाताकडचं. आन् डाव्या हाताची करंगळी मोटेच्या नाड्यात सापडून वाकडी झालती.

बार्शीच्या बाजाराला गाडी घिऊन गेलं, तितनंच पळालं. मग गाव बार्शीच सांगणार की! वयबी वाढवून सांगितलं आसंल.

आता पुडलं वाच बाई. बाया तोंडावर म्हणत्यात, म्हातारे, कुणाच्या नावाचं कुंकू लावतीस? त्या बायांना दावायचंय.

जेवत जा येळंवर.
सोजरआजी

सोलापूर, २१ फेब्रुवारी १९७४

ती. आजीस,
शि. सा. नमस्कार. पत्र पोचलं.

डाव्या हाताची वाकडी करंगळी नोंदीत आहे. ती मी मुद्दाम लिहिली नव्हती. आता शंका उरत नाही, कागद आपलेच आहेत. माझा अंदाज चुकला. तो बरोबर निघावा अशी माझी फार इच्छा होती.

पुढचा मजकूर पत्रात लिहीत नाही. तीन मार्चला, रविवारी, सकाळच्या एस.टी.नं येते आणि वाचून दाखवते. तोवर बायांना काही सांगू नये. तुमच्या गुडघ्याचं औषध आणते. आणखी काय हवं ते कळवा.

लोभ आहे तसाच असो.
हेमलता

मोडनिंब, २५ फेब्रुवारी १९७४

चि. हेमीस,
आशीर्वाद. तू येनार, हे काकूनं वाचलं आन् मला उमगलं. सणाबिगार तू कदी येत न्हाईस, रजा मिळत न्हाय म्हणतीस. चांगलं आसतं तर पोस्टानंच धाडलं आसतंस.

काकू रडाय लागलीया. तिला म्हटलं, आदी लिव, मग रड.

तू भिऊ नगंस. वाचून दाव, मी ऐकून घीन. कुटं पडलं, त्या गावाचं नाव तेवडं दोनदा सांग, मला पाठ करायचंय. सासूबाईंनी नाक टोचून त्येंना राखलं. मी माज्यापरीनं राखलं. काळाला फशिवायची ह्या घराला सवयच हाय.

बाया इचारतील. इचारू देत.

वाट बघती,
सोजरआजी

ता. क. काय आणू इचारलंस. कुंकू सरत आलंया. दर साली आणतीस तेवडाच पुडा आण.